अकरा इंचांची पायरी

मावळात वाढलेल्या माणसाला चढणीचे भय सांगू नये. एकवीरा देवीच्या दर्शनाला जाताना लागणाऱ्या कार्ल्याच्या पायऱ्या, भाजे लेण्यांची वाट, लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत वळणावळणाने वर जाणारा दगडी मार्ग हे सारे त्याच्या पायांखालून बालपणापासून गेलेले असते. लोहगडाच्या परिसरातील एका लेण्यात अर्हंतांना नमन करून आरंभ होणारा ब्राह्मी लेख असल्यामुळे जैन वाचकाला तर ती चढण अधिकच आपलीशी वाटते. आणि तरीही लोणावळ्याच्या बाजारपेठेत, कामशेतला, वडगावला किंवा तळेगाव दाभाड्याच्या जुन्या पेठेत अशी घरे आजही आढळतात, जिथे तारुण्यात हे सारे गड पालथे घातलेली व्यक्ती सत्तरीत पोहोचल्यावर स्वतःच्याच घरातील दहा पायऱ्यांपुढे थांबते.

हे थांबणे एका दिवसात घडत नाही. आधी हातातील सामान कमी होते, मग वर जाण्याच्या खेपा कमी होतात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून पुन्हा माडीवर जाणे नको वाटू लागते. माडीवरच्या शांत खोलीत होणारी सामायिक खालच्या खोलीत, दूरचित्रवाणीच्या आवाजात होऊ लागते. शेवटी एके दिवशी घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे अंथरूण खाली येते आणि घर न भांडता, न वाटणी होता, दोन मजल्यांत विभागले जाते. पालिताण्याला शत्रुंजय चढवत नसेल तर डोली मिळते. घरातल्या जिन्याला डोलीवाला नसतो.

जिना असा का झाला?

गडाची पायवाट आणि घराचा जिना यांत एक मूलभूत फरक आहे. गडाच्या वाटेला पसरायला अख्खा डोंगर मिळाला. घरातल्या जिन्याला मिळाली ती उरलेली जागा. पेठेतील घरांचे भूखंड रस्त्याच्या बाजूस अरुंद आणि आत लांबवर गेलेले असत. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही व्यापारी कुटुंबांची सर्वमान्य रचना होती. दर्शनी भागातील प्रत्येक फूट उत्पन्न देणारा. जिना मात्र काहीच मिळवून देत नाही, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे जिना मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून, शिडीसारखा उभा केला जाई. माडीवर धान्याची पोती, हंगामी सामान आणि झोपण्याची जागा असे. तेव्हा दिवसातून दोनचारदा चढणारे पाय तरुण होते. रात्री जिन्याच्या डोक्यावरची लाकडी झडप पाडली की माडी सुरक्षित होई. ती रचना त्या काळी चुकीची नव्हती. घरातील माणसांची वये वाढली, माडीचा उपयोग बदलला आणि जिना तेवढा तसाच राहिला.

म्हणून अवघड जिन्याचे दुखणे बहुधा उंचीत नसते. त्याला आडवी लांबी मिळाली नाही, हे त्याचे दुखणे असते. ही गोष्ट ध्यानात आली की कमी पैशांत जिना बदलण्याचा मार्गही दिसू लागतो. पैसा प्रथम लांबी मिळवण्यावर खर्च करायचा; शोभा नंतर.

मोजमापाची एक संध्याकाळ

उदाहरणादाखल असे एक घर नजरेसमोर आणू. खालच्या फरशीपासून माडीच्या फरशीपर्यंतची उंची ९ फूट ४ इंच, म्हणजे ११२ इंच. जुन्या लाकडी जिन्याचे चढ दहा. ११२ला दहाने भागले की प्रत्येक चढ ११ इंचांहून थोडा अधिक येतो. पाऊल टेकायला जागा अवघी ७ इंच. प्रौढ माणसाचे पाऊल याहून लांब असते, त्यामुळे उतरताना टाच तेवढी पायरीवर आणि चवडा अधांतरी अशी स्थिती होते. असे जिने लोक तोंड भिंतीकडे करून, शिडी उतरावी तसे उतरतात, ते उगाच नाही.

पायरीच्या उभ्या उंचीला मिस्त्री रायझर म्हणतात आणि पाऊल टेकण्याच्या आडव्या जागेला ट्रेड. राष्ट्रीय बांधकाम संहितेने निवासी इमारतींसाठी रायझर जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि ट्रेड कमीत कमी २५ सेंटिमीटर असावा असे सांगितले आहे. इंचांत साडेसात आणि दहा. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल याने माणसाच्या चालण्याच्या पावलावरून एक नियम बसवला होता. त्याचे आजचे रूप असे, की दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज सुमारे २४ ते २५ इंच भरली की जिना पायांना सुखाचा वाटतो. आपल्या जुन्या जिन्याची बेरीज २९ इंचांवर जाते. साडेसात आणि दहाच्या जिन्याची बेरीज बरोबर २५ येते.

आता ११२ इंचांना पंधराने भागावे. रायझर साडेसात इंचांहून किंचित कमी येतो. पंधरा चढांना चौदा ट्रेड लागतात, कारण शेवटचा चढ थेट माडीच्या फरशीवर नेतो. चौदा ट्रेड दहा इंचांचे, म्हणजे सरळ जिन्याला ११ फूट ८ इंच लांबी हवी. जुना जिना मात्र सव्वापाच फुटांत उभा होता. प्रश्नाचे मूळ या दोन आकड्यांमधील अंतरात आहे.

इतकी सरळ लांबी पेठेतल्या घरात क्वचितच मिळते. अशा वेळी जिना कोपऱ्यात वळवावा. पहिल्या टप्प्यात सहा चढ, त्यानंतर अडीच फूट लांबीरुंदीचे चौरस लँडिंग, मग काटकोनात वळून उरलेले नऊ चढ. जिन्याची रुंदी अडीच फूट धरली तर एका भिंतीलगत ९ फूट २ इंच आणि दुसऱ्या भिंतीलगत ६ फूट ८ इंच एवढी जागा पुरते. मध्ये दम घ्यायला जागा होते आणि तोल गेलाच तर माणूस पंधरा पायऱ्या घरंगळत नाही. लँडिंगखाली पावणेचार फूट उंचीचे एक कपाटही मिळते. वळणावर जागा वाचवण्यासाठी तिकोनी पायऱ्या घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांच्या आतल्या टोकाला पाऊल मावत नाही आणि पाय घसरायला तेवढे निमित्त पुरते.

कागदावरचा हा आराखडा पैसे देण्यापूर्वी पायांनी तपासता येतो. जमिनीवर खडूने पूर्ण जिना आखावा. नंतर विटा आणि फळ्या रचून साडेसात इंचांच्या दोनतीन पायऱ्या उभ्या कराव्यात, त्या हलत नाहीत याची खात्री करावी आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला, कुणीतरी शेजारी उभे राहून, त्यांवर चढू-उतरू द्यावे. तिचा गुडघा जे सांगेल, ते कोणत्याही नियमावलीहून अधिक विश्वसनीय असते. सात इंच बरे वाटले आणि जागा असेल, तर सोळा चढ घ्यावेत.

खर्च कुठे दडलेला असतो

नवा जिना करू पाहणारे कुटुंब प्रथम जिन्याचे दर विचारते. वास्तविक खर्चाचा आणि जोखमीचा मोठा वाटा माडीच्या जमिनीत पाडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेत असतो. जिना चढताना डोक्यावर निदान सात फूट तरी मोकळे हवेत. आपल्या उदाहरणात माडीची जमीन आठ इंच जाडीची धरली तर तिसऱ्या पायरीपासून पुढे सर्वत्र वरची जमीन आड येते. म्हणजे जुन्या झडपेचे साडेचार फुटांचे भोक पुरणार नाही. सुमारे २९ चौरस फूट जमीन कापावी लागेल. माडीवरची तेवढी जागा कमी होणार, हे कुटुंबाने आधीच मान्य करावे.

लाकडी माडी असेल तर तुळया कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहावे. जिन्याची लांब बाजू तुळयांना समांतर असेल तर एखाददुसरी तुळईच कापावी लागते. आडवी असेल तर अनेक कापाव्या लागतात आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला आडव्या तुळईचा किंवा लोखंडी चॅनेलचा आधार द्यावा लागतो. काँक्रीटचा स्लॅब असेल तर संरचना अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्यावर घण पडू देऊ नये. स्लॅबमधील सळ्या कुठे आहेत आणि भार कोणत्या भिंतीवर जातो, हे वरून दिसत नाही. अभियंत्याचे शुल्क हा या कामातील सर्वांत लहान आणि सर्वांत आवश्यक खर्च समजावा.

माडी कापणे शक्य नसेल, तर मावळातील अनेक भूखंडांना मागे मोकळी जागा असते. तिथे बाहेरून जिना घेतला आणि माडीच्या खिडकीचा दरवाजा केला, की जमीन कापण्याचा सारा खर्च वाचतो. मात्र लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, याचा विसर पडता कामा नये. बाहेरच्या जिन्याला वर पत्र्याचे छप्पर, पाणी निथळण्यासाठी जाळीदार पायऱ्या आणि गॅल्व्हनाइज केलेले लोखंड हवे. पावसाळ्यात शेवाळ धरणाऱ्या गुळगुळीत फरशीची पायरी बाहेर कधीही बसवू नये.

बंगल्यांत शोभून दिसणारा गोल लोखंडी जिना स्वस्त आणि आटोपशीर वाटतो. गच्चीवर जाण्यासाठी तो चालेल. रोजच्या वापराला, विशेषतः ज्येष्ठांना, तो योग्य नाही. मधल्या खांबाजवळ पाऊल ठेवायला जागा नसते आणि आजारी माणसाला स्ट्रेचरवरून खाली आणण्याची वेळ आली तर तो अडसर ठरतो.

किलोचा हिशेब

मर्यादित खर्चात लोखंडी सांगाडा हा बहुधा सर्वांत सोयीचा पर्याय ठरतो. तो कारखान्यात तयार होऊन येतो, थोड्या दिवसांत बसतो आणि लाकडी माडीवर फारसा भार टाकत नाही. फॅब्रिकेटर पुष्कळदा किलोवर दर सांगतात. म्हणून घरच्या माणसाने वजनाचा अंदाज स्वतः काढावा. शंभर मिलिमीटरचा चॅनेल मीटरला सुमारे साडेनऊ किलो भरतो. वरच्या उदाहरणात दोन्ही बाजूंचे मिळून पावणेनऊ मीटर चॅनेल लागतात, म्हणजे ८३ किलो. तेरा पायऱ्या आणि लँडिंग मिळून ३ चौरस मीटर पत्रा. पाच मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा घेतला तर सुमारे सव्वाशे किलो. लँडिंगचे खांब, अँगल आणि इतर जोड धरून कठड्याशिवाय एकूण वजन अडीचशे ते तीनशे किलोंच्या घरात जाते. कुणी पाचशे किलोंचा अंदाजखर्च दिला तर त्यातील अधिकचे लोखंड कुठे लागणार, हे विचारण्याचा अधिकार घरमालकाला या साध्या गुणाकाराने मिळतो. कुणी दीडशे किलोंत जिना देऊ केला, तर अधिक सावध व्हावे.

खर्चाचा क्रम ठरवून घ्यावा. आधी अभियंता आणि जमिनीतील मोकळी जागा. मग सांगाडा व पायऱ्या. त्यानंतर दोन्ही बाजूंचा कठडा आणि दिवे. पायऱ्यांवरील लाकूड, ग्रॅनाइट, काचेचा कठडा हे सर्वांत शेवटी, पैसे उरले तर. जुन्या जिन्याचे सागवान टाकून देऊ नये. वाळवी नसलेल्या फळ्या रंधून नव्या पायऱ्यांवर बसवता येतात. त्याने लोखंडाचा आवाज कमी होतो, खर्च वाचतो आणि ज्या फळ्यांवरून दोन पिढ्या चढल्या त्या घरातच राहतात.

इथे एक सूचना आवर्जून करावीशी आहे. पायऱ्यांवर आणि फरशीवर पुढे काय बसणार, हे सांगाडा करण्यापूर्वीच ठरले पाहिजे. खालच्या खोलीत नंतर एक इंचाची नवी फरशी घातली तर पहिली पायरी तेवढी बुटकी होते. पायऱ्यांवर एक इंच लाकूड चढवले आणि माडीची जमीन तशीच राहिली तर शेवटचा चढ बुटका होतो. पाय उंचीचा अंदाज पहिल्या दोन पायऱ्यांत घेतात आणि पुढे डोळ्यांना विचारत नाहीत. अमेरिकेतील बांधकाम नियम एका जिन्यातील चढांमध्ये ३/८ इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाहीत, त्याचे कारण हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. अर्ध्या इंचाकडे दुर्लक्ष करू नये, ते यासाठी.

कामाचे पैसे टप्प्यांनी द्यावेत: साहित्यापुरती आगाऊ रक्कम, सांगाडा उभा राहिल्यावर दुसरा हप्ता आणि सर्व चढ टेपने मोजून सारखे भरल्यावर अखेरचा. अंदाजखर्चावर पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवावी. जुनी माडी उघडल्यावर कुजलेले लाकूड निघणे ही नित्याची बाब आहे. घरदुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज घेतल्यास, स्वतः राहत्या घराच्या बाबतीत त्यावरील व्याजाला जुन्या करप्रणालीत वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. एवढ्याशा कामासाठी मुदतठेव मोडावी की कर्ज घ्यावे, हे दोन्हींचे व्याजदर शेजारी लिहून ठरवावे. दागिने गहाण ठेवण्याची वेळ आणणारा जिना मात्र आपल्या ऐपतीचा नाही, असे समजावे.

परवानगी आणि पाऊस

महाराष्ट्राची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली २०२० साली लागू झाली. ती तळेगाव दाभाडे आणि वडगावसारख्या ठिकाणी, तसेच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीतील गावांत लागू होते. लोणावळा नगरपरिषदेचे क्षेत्र मात्र त्या नियमावलीतून वगळण्यात आले. तेथे स्वतंत्र नियम चालतात. म्हणून तळेगावच्या नातेवाइकाचा अनुभव लोणावळ्यात जसाच्या तसा उपयोगी पडेल असे नाही. स्लॅब कापणे, भार घेणाऱ्या भिंतीला हात लावणे किंवा बाहेर जिना बांधणे यांपैकी काही करायचे असेल तर आधी आपल्या कार्यालयात चौकशी करावी. जुन्या वाड्यात भावांचे हिस्से असतील किंवा घर भाड्याचे असेल तर संबंधितांची लेखी संमती घ्यावी. जिन्याचे काम आठवड्यात उरकते. त्यावरून पडलेली तेढ वर्षानुवर्षे राहते.

काम जानेवारी ते एप्रिल या काळात उरकावे. जूननंतर मावळात रंग वाळत नाही आणि उघड्या लोखंडावर चार दिवसांत तांबेरा चढतो. आतील सांगाड्यालाही गंजरोधक प्राइमरचे दोन हात द्यावेत. नवा जिना वापरात येईपर्यंत जुना काढू नये. माडीवर कुणी राहत असेल तर हे पथ्य अधिकच पाळावे.

जिना बदलणे शक्य नसेल तर

काही घरांत जागा नसते, काहींत पैसा नसतो, काहींत घरमालक परवानगी देत नाही. तरीही काही गोष्टी अगदी थोड्या खर्चात होतात. दोन्ही बाजूंना मुठीत मावेल असा गोल गज बसवावा आणि तो शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर न्यावा. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी लावावी. झडप कायमची काढून टाकावी. वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी चालणारे बटण घेऊन जिन्यावर दिवा लावावा. पुढची जमीन नीट पाहून पाऊल टाकावे असे ईर्यासमिती सांगते. ती पाळायची तर पायरी आधी दिसायला हवी. अंधाऱ्या जिन्यात ना आपली काळजी घेता येते, ना पायाखालच्या जीवाची.

आणि एक प्रश्न सर्वांच्या आधी विचारावा: माडीवर जे आहे ते खाली आणता येईल का? देवघर, झोपण्याची खोली किंवा वाचनाची जागा खाली आणल्याने काम भागत असेल, तर तो सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र हा निर्णय ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना विचारून घ्यावा. पुष्कळदा ज्येष्ठांना हवी असते ती माडीवरची खिडकी, तिच्यातून दिसणारा डोंगर आणि नातवंडांच्या खोलीत न बोलावता डोकावण्याची मुभा. त्यांनी ते मागितले नाही, एवढ्यावरून त्यांना ते नकोच आहे असे धरू नये.

अकरा इंचांची पायरी साडेसात इंचांची होते, तेव्हा साडेतीन इंचांचाच फरक पडतो. पण गडांवर सहज चढून गेलेले पाय म्हातारपणी आपल्याच घराच्या माडीवर पोहोचतील की नाही, हे त्या साडेतीन इंचांवर ठरते. पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी टेप हातात घ्यावा आणि पहिली पायरी मोजून पाहावी.